कळेवरचा अर्क

अप्पा,

तुम्ही गेल्यावर गुलमंडीतलं तुमचं दुकान मी विकलं. तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात. तुम्हाला वाईट वाटावं म्हणूनच हे आधी सांगतेय.

ओवा, बडीशेप आणि पुदिन्याचा तुमचा अर्क पोटातल्या मुरड्यावर चालायचा, हे मी नाकारत नाही. मी औषधांच्या कारखान्यात काम करते. आवळलेलं आतडं पुदिन्याच्या तेलानं सैल पडतं, हे मला तुमच्यापेक्षा नीट माहीत आहे. तुम्हाला फक्त मिरवणं माहीत होतं. आईच्या पोटात कळा सुरू झाल्या, तेव्हाही तुम्ही तिला दुकानाच्या पायरीवर बसवून गिऱ्हाइकांसमोर अर्क पाजलात. कळ जरा ओसरली की त्यांच्याकडं वळून म्हणायचात, "बघा, थांबली का नाय?" ती उलट्या करतेय, पोट टम्म फुगलंय. मी म्हणते, "अप्पा, दवाखान्यात नेऊ." तुम्ही माझ्याकडं बघतही नाही. "मीच बायकोला दवाखान्यात नेलं तर माझा अर्क कोण घेईल? दुकान बंद करू व्हय?" शेवटी शेजारच्या कापडवाल्या चाचांनी रिक्षा बोलावली. तुम्ही गल्ल्यावरून उठलाही नाहीत.

आतड्याला पीळ पडला होता. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "दुखणं दबत गेलं आणि आतडं आत काळं पडत गेलं." तेवढं आतडं कापून काढलं तेव्हा आई वाचली. आणि तुम्ही गिऱ्हाइकांना सांगू लागलात, की तिला ऑपरेशनपर्यंत धरून ठेवलं ते तुमच्या अर्कानं. दुकानामागच्या खोलीत खाटेवर पडल्या पडल्या आईनं ते ऐकलं. "टाकेही त्यानंच घातले असतील," ती एवढंच म्हणाली. त्यानंतर तिनं तुमच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. तुमच्या ते लक्षातही आलं नाही, इतके तुम्ही स्वतःवर खूश होतात.

आई ठणठणीत आहे. तुमचा विषय काढत नाही, मीही काढत नाही. हे लिहिलेलं तिलाही दाखवणार नाही.

फक्त एक आहे. माझ्या मुलीचं पोट दुखलं की मी तळहात घासून गरम करते आणि तिच्या बेंबीभोवती हळूहळू फिरवते, लहानपणी तुम्ही माझ्या पोटावर फिरवायचात तसाच. परवा तिनं विचारलं, "हे तू कुठं शिकलीस?"

मी सांगितलं, आजीकडून.