मागे बघायचं नाही

दूधविनायक, काशी

चि. वैदेही,

सिस्टर वगैरे माझ्या पेनातून उतरत नाही. तुझ्या मठात पत्रं आधी मदर वाचतात, म्हणून हे टाकणारही नाही.

बाबा शेवटच्या घटका मोजतोय, ये, असं मी फोनवर सांगितलं, तर तू म्हणालीस, "खेळाडू पदकासाठी घरदार सोडतात, आत्या. मी येशूसाठी सोडलं. पहिलं वर्ष बाहेर पडायचं नाही, हा आमचा सराव. धावताना मागे बघायचं नाही, हे तूच शिकवलंस ना?"

वा! भोसले घाटाच्या पायऱ्यांवर तुला पळवलं ते शाळेच्या शर्यतीसाठी. बाप जाताना यायचं नाही, हे कधी शिकवलं? मीही नन्सच्याच शाळेत शिकले आहे. तुमच्या देवानेसुद्धा सातव्या दिवशी विश्रांती घेतली होती. तुला एक दिवस मिळू नये?

काल दादाला अग्नी मीच दिला. मडकं फोडल्यावर गुरुजी म्हणाले, "ताई, आता मागे वळून बघायचं नाही." मी बघितलं. वाटलं, तू आली असशील. तिथे एक म्हैस उभी होती.

दादाला तुझा राग आला नाही, हेच मला सहन होत नाही. जायच्या आदल्या दिवशी मला म्हणाला, "इंदू, पोरीला एवढं पळवतात, मधे कुणी पाणी तरी देतं का गं?"

"देतात," मी ठासून सांगितलं.

देतात का गं?

तुझी,
इंदूआत्या