शेवाळावरून घसरलेले गृहस्थ

१४ जुलै, रविवार

प्रिय छोट्या,

तुझा फोन उचलला नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी लगेच विरघळते, म्हणून लिहायला बसले. आम्ही बरे आहोत. माझे गुडघे आहेत तसेच. आमच्या धाकट्या लेकीचं लग्न ठरल्याचं कळलं असेलच.

तुझा निरोप मिळाला. भावोजींच्या शेवाळाच्या छंदावर पुन्हा लिहायचं म्हणतोस, या वेळी गांभीर्याने, फोटोग्राफर घेऊन. गेल्या वर्षीच्या लेखाबद्दल यांच्या मनात काही नाही. कात्रण जपून ठेवलंय. मथळाही झकास होता, 'शेवाळावरून घसरलेले गृहस्थ'.

पण येऊ नकोस. दाखवण्यासारखं काही उरलेलं नाही.

लेख आला त्याच आठवड्यात पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात कुणीतरी यांच्या टेबलावर ओला पाचोळा ठेवला. हे हसले. दर रविवारी शेवाळ बघायला येणारे दाताचे डॉक्टर यायचे थांबले, पेशंट चिडवतात म्हणाले. मग शिंपीणबाईही येईनाशा झाल्या. बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी म्हणाले, "तुमच्या शेतीने भिंत ओली राहते बरं का." सगळे हसले, हेही हसले. दुसऱ्या दिवशी तारेचा ब्रश घेऊन मागची भिंत यांनी स्वतःच खरवडून काढली.

मी म्हटलं, "अहो, थोडं राहू द्या ना."

"कशाला? उपयोग काय त्याचा?"

तुझ्याच लेखातला प्रश्न होता तो.

सामान्य वाचकाला जड जातं म्हणून हलकंफुलकं लिहावं लागतं, असं तू म्हणाला होतास. सामान्य वाचक म्हणजे मीच ना रे? भाजी निवडता निवडता तुझा पेपर वाचते मी. लेखासाठी तू आला होतास त्या दिवशी यांनी सुकून काळं पडलेलं शेवाळ भिंगाखाली ठेवलं, वर पाण्याचा थेंब सोडला, आणि बघता बघता ते पान न् पान उलगडून हिरवं झालं. तू भिंगावरून डोळा काढेनास. चहा गार झाला तुझा. "भावोजी, हे जिवंत होतं की," म्हणालास. तेवढंच छापलं असतंस तर मला कळलं असतं. लेखात ते नाही. यांच्या पँटचे भिजलेले गुडघे आहेत. तुला काही दिसलंच नसतं, तर मी बोल लावला नसता.

अजून मुद्द्याचं लिहिलेलंच नाही. गेल्या रविवारी धाकटीच्या सासरची माणसं आली होती. यांनी आपणहून कात्रण काढलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. तुझा एकेक विनोद, मध्ये मध्ये थांबत, भिंतीपाशी रांगण्याची नक्कल करत. पाहुणे पोट धरून हसले. धाकटी उठून आत गेली. सगळे गेल्यावर मी विचारलं, "हे का केलंत?"

"लोकांना आवडतं," म्हणाले.

आता जो येईल त्याच्यापुढे हेच चालतं. एरवी दिवसभर तोंडातून शब्द नाही. भिंग देऊन टाकलंय, कुणाला ते सांगत नाहीत.

तू आलास तर तुझ्यापुढेही करतील. आणि छोट्या, तुला हसावं लागेल. नाही हसलास तर यांना कळेल, की तुला तेव्हाही सगळं दिसलं होतं.

म्हणून दरवेळी शेवटी लिहिते ते 'लवकर ये' या वेळी लिहीत नाही.

तरीही तुझीच,
ताई