हौश्याचं तोंड भिंतीकडे

१७ जुलै, गुरुवार

पुन्हा टाके तुटले! आबांनी गोठ्याच्या दारातून एकदाच हाक मारली, "हो रे हौश्या —" आणि हा निघाला उठायला. तीन पायांवर! अर्धा उठला, धाडकन पडला. कापलेला पाय दगडावर आपटला. रक्त, गळ्यातल्या घंटीचा खणखणाट, गोठा झाडणाऱ्या झुंबरबाईची ओरड, सगळं एकदम.

ट्रकने बैलगाडी उडवली तेव्हापासून हौश्या आमच्या गोशाळेत आहे. मागचा एक पाय खालून काढावा लागला. जखम सुकली की कृत्रिम पाय बसवायचा. पण सुकणार कशी? त्याचे मालक झुलाल आबा दर गुरुवारी साक्रीकडच्या गावाहून एसटीने येतात, आणि त्यांची हाक आली की हा उठणारच. आयुष्यभर त्याच हाकेवर उठलेला बैल. त्याला कोण सांगणार, बाबा रे, तुला पाय नाही म्हणून!

डॉक्टर हितेंद्र म्हणाले, "अजून एकदा फाटली तर पाय नाही, बैलच जाईल. त्यांना सांगून टाका." सांगायचं कोणी? मी. वाईटपणा घ्यायला इथे दरवेळी मीच सापडते.

गेटपर्यंत सोडायला गेले आणि सांगितलं, तुमच्या हाकेने टाके तुटतात, जखम सुकेपर्यंत आत येऊ नका. भांडायच्या तयारीनेच गेले होते. आबांनी पिशवीतला गूळ काढून माझ्या हातावर ठेवला. "मना आवाजना इतला तरास व्हस त्याले?" म्हणाले. "तू म्हनशी तसं, माय. मी बोलाव नही."

भांडले असते तर बरं झालं असतं. आज जेवण गेलं नाही.

२४ जुलै, गुरुवार

सगळं शांत. टाके शाबूत. पण हौश्या सकाळपासून मागच्या भिंतीकडे तोंड करून बसलाय. ढेपेला शिवला नाही. मी आणि झुंबरबाईने दोनदा वळवला. दोनदा परत फिरला, बसल्या बसल्या घसटत! झुंबरबाई शेणाची पाटी उचलता उचलता म्हणते, "ताई, तुनावर रुसेल शे तो."

रुसू दे. मेलेल्या बैलापेक्षा रुसलेला बरा.

२८ जुलै

जखम छान दिसतेय. थोडा कडबा खाल्ला. कूस बदलताना नेमकं माझ्या पायावर शेण टाकलं. म्हणजे तब्येत ठीक!

३१ जुलै, गुरुवार

परत भिंत. तिथे काय सोनं पुरलंय कोण जाणे. इतका स्थिर की घंटीसुद्धा वाजत नाही. कान तेवढे टवकारलेले.

७ ऑगस्ट, गुरुवार

हाडं वर आली. मधले दिवस चार काड्या तरी तोंडात घेतो, आज तेही नाही. दिवसभर भिंत.

आमच्या रावेरच्या मळ्यात एक म्हातारा बैल होता. शेवटी शेवटी त्यानेही असंच केलं. वडील म्हणाले होते, जनावराने तोंड फिरवलं की समजावं, त्याचं मन उडालं. ते आज सारखं आठवतंय.

आबांनी दिलेला गूळ पुढे धरला. हुंगला आणि सोडून दिला. मला रडू आलं. तेही झुंबरबाईसमोर!

१४ ऑगस्ट, गुरुवार

भिंत.

१८ ऑगस्ट

पट्टी सोडली. जखम पूर्ण सुकली! आणि बैल वाळला. अंगात उठायची ताकद नाही, आता नवा पाय बसवायचा कुणाला?

डॉक्टर हात धुता धुता म्हणाले, "पोळा होऊ द्या. मग ठरवू." काय ठरवायचं ते दोघांनीही तोंडातून काढलं नाही.

जखम वाचवायला मी आबांना हाकललं. जखम वाचली. मीच मारतेय का याला?

२० ऑगस्ट, बुधवार

उद्या खांदेमळणी, परवा पोळा. खांदेमळणीला मालक आपल्या बैलाचा खांदा लोण्या-हळदीने चोळतो आणि त्याला आवतन देतो — आज आवतन ल्या, सकाय जेवाले या. उद्या पुरणपोळी खायला या म्हणून. हौश्याचं हे शेवटचं आवतन असेल, तर ते तरी आबांनीच द्यावं. परक्याच्या हाताने नको.

हिय्या करून फोन लावला. आबांच्या मुलाने, समाधानने उचलला. म्हटलं, आबांना उद्या एवढं पाठवा.

तो म्हणाला, "उद्या गुरुवार ना, ताई? मग येतीलच की! दर गुरुवारी पहिल्या गाडीने निघतात, भाकरी बांधून. तुमच्याकडेच तर येतात."

गेट माझ्या डोळ्यांसमोर असतं. आबा आत आलेले नाहीत, एकदाही नाही. मग हा माणूस बसतो कुठे?

२१ ऑगस्ट, गुरुवार

मागच्या भिंतीपलीकडे. बाभळीखाली, भिंतीला पाठ लावून. तोंडाला उपरणं गच्च बांधलेलं. मला बघून दचकले. उपरणं सोडून कुजबुजले, "मी एक सबद बोलनू नही, माय. त्याले मालूम पडनं का?"

लोण्याची वाटी त्यांच्या हातात दिली. म्हटलं, आबा, जखम सुकली. आवतन तुम्हीच द्या. मोठ्यानं!

ते भिंतीला धरून उठायला लागले. तोवर भिंतीपलीकडे हौश्याची घंटी वाजायला लागली होती.