गार पाण्याचं जाकीट

ती. आईस, धाकटीचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. आमच्या इस्पितळात थंडीवर अभ्यास चाललाय, त्यात सुट्टीच्या दिवशी मीही नाव दिलं. घाबरू नकोस, त्रास काही नाही. गार पाणी खेळवलेलं जाकीट घालून बसायचं, मग स्कॅन. सुईतून दिलेली साखर जिथे ओढली जाते, तिथे चित्र उजळतं. माझ्या मानेशी उजळलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही तपकिरी चरबी. साखर आणि चरबी जाळून अंग गरम ठेवते. तान्ह्या बाळांत भरपूर असते."

बाबांचा खोकला थांबला का? स्वेटर घालतात ना?

जाकिटात बसले होते तेव्हा नर्सबाई सारख्या येऊन विचारायच्या, "फार गारठलीस का गं?" इथे आल्यापासून असं कुणी विचारलंच नव्हतं.

निघताना मी म्हटलं, "पुन्हा कधी येऊ?"

त्या हसल्या. "एका माणसाला एकदाच बोलावतात."

तुझी,
धाकटी