दुसरा ब्रेक

दादा,

तुझ्या लेकीला अँब्युलन्स चालवायची नोकरी मिळतेय आणि तू म्हणतोस, "जिला सायकल धड येत नाही, ती पेशंट काय पोचवणार!" तुझी समजूत घालायला लिहायला बसले.

माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत माझ्याही पायाशी एक ब्रेक असतो. चढावर गाडी मागे घसरली की तुझी लेक ओरडते, "आत्या, ब्रेक!" आणि मी दाबते. आज मागचा रस्ता मोकळा आहे हे बघून मी चपला काढल्या आणि सीटवर चक्क मांडी घातली.

गाडी घसरली. "आत्या!" मी मांडी मोडली नाही. मग तिनेच हँडब्रेक ओढला, क्लच अलगद सोडत गाडी वर काढली आणि म्हणाली, "ब्रेक दाबून वाचवलंस गं बाई!"

"मी? माझे पाय बघ."

तिने बघितलं. आधी मला वेड्यात काढलं, मग हसत सुटली. नंतर खाली जाऊन तोच चढ पुन्हा पुन्हा चढली, माझ्याकडे न बघता.

धास्ती मलाही होती. पण इतकी वर्षं शिकवतेय, कोण तयार झालंय ते मला कळतं.

उतरताना विचारलं, "तुझ्या बाबांशी बोलू का मी?"

"नको. नोकरी मी करणार, तर मीच सांगते."

तरी मी लिहायला बसलेच; पण तिचंच खरं, तेव्हा हे पत्र माझ्याकडेच राहू दे. ती घरी निघालीय, दादा. तिला माझा वशिला लागत नाही.

तुझी,
धाकटी