माप न घेता बेतलेली इमारत

चि. आर्किटेक्ट भाचेबुवांस,

मावशीचे अनेक आशीर्वाद आणि कानाला एक चिमटा. तुझी कंबर कशी आहे? (दिवसभर वाकून म्हाताऱ्यांसाठी घरं काढणाऱ्याची कंबर आधी जाते, असं इथल्या नर्सबाई म्हणतात.) माझी तब्येत ठीक. तुझ्या ऑफिसचा फॉर्म मिळाला. त्यात रडक्यापासून हसऱ्यापर्यंत पाच तोंडं काढली आहेत, त्यातल्या एकावर खूण करायची. माझं म्हणणं एका तोंडात मावणारं नाही, म्हणून हे पत्र.

तू बेतलेल्या या वृद्धाश्रमात महिनाभर राहून बघायचं आणि मानवलं तर माझं तिसऱ्या मजल्यावरचं घर सोडायचं, असं आपलं ठरलं होतं. शनिवारी महिना भरतो. मी परत जातेय. कारणं ऐक. तुझ्या बाथरूममधला दिवा माणूस हलला तरच जळतो. आमच्या वयात तिथे बसणं हे निवांतपणाचं काम, त्यामुळे मी अंधारात बस थांबवल्यासारखी हात हलवत असते. टॉवेलचा हुक इतका उंच की उडी मारावी लागते. (आरोग्यासाठी बांधलेली इमारत, तेव्हा हा व्यायामच असेल.) दिवाणखान्यातला सोफा तर विहीर आहे. मागच्या आठवड्यात इथे राहणारे एक रिटायर्ड हेडमास्तर त्यात बसले ते बसलेच. नर्सबाईंनी आणि मी मिळून त्यांना ओढून काढलं. आधी मला हसू आलं, मग फार वाईट वाटलं. ज्या माणसाने जन्मभर पोरांना बाकावर उभं केलं, त्याला उभं राहायला दोन बायका लागल्या. तीन दिवस ते आमच्याशी बोलले नाहीत.

तू फोनवर म्हणालास, प्रत्येक खुर्चीत मी स्वतः बसून पाहिलंय. तिथेच घोळ झाला. तू सहा फुटी, वय चाळीस, गुडघे शाबूत. मी चाळीस वर्षं शिवणकाम केलं, पण दुकानदाराच्या मापाने गिऱ्हाइकाचा झगा कधी बेतला नाही. शेवटी मीच टेप काढली आणि जमिनीपासून गुडघ्याच्या लवणीपर्यंत, कोपरापर्यंत, हात पोचेल तिथपर्यंत सगळ्यांची मापं घेतली. हेडमास्तर आधी नाही म्हणाले आणि जेवण झाल्यावर हळूच येऊन उभे राहिले. आणखी एक. बागेतली तुझी बाकं रिकामीच असतात. आम्ही सगळे मागच्या दारी, धोबीखान्याजवळ उभे असतो, कारण माणसं तिथून येतात-जातात. झाडं किती वेळ बघणार? तिथे बसायची सोय कर.

सुनेला आणि छोटीला आशीर्वाद.

तुझी,
मावशी

ता. क. : शनिवारी परत जाणार असं वर लिहिलंय, ते खोडलं तर कागद घाण दिसेल म्हणून ठेवलं. बॅग भरली होती. हेडमास्तरांनी ती पाहिली आणि विचारलं, मग माझ्या सदऱ्याचं बटण कोण लावणार? बासष्ट पायऱ्या चढून वर गेल्यावर मला असं विचारणारं कुणी नाही. बॅग रिकामी केली.

ता. क. २ : सोबतच्या कागदावर अकरा जणांची मापं आहेत. आम्ही बारा आहोत. माझं माप राहिलंय, कारण टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतं. नर्सबाई तयार होत्या, मी त्यांना नको म्हटलं. महिनाभरात तू एकदाही आला नाहीस. रविवारी ये.