वाऱ्याच्या कुळातला जावई

आखन, ८ मार्च १९६४

प्रिय श्यामकांत,

तुझं डिसेंबरचं पत्र आलं तेव्हा इथे बर्फ होता. आता खिडकीखाली केशराच्या जातीची जांभळी फुलं वर आली आहेत. मधल्या अडीच महिन्यांत मी तुला चार पत्रं लिहिली आणि चारही फाडली. दोन रडकी होती, तिसऱ्यात मी तुझी मनधरणी करत होते, आणि चौथं इतकं शालीन होतं की आमच्या मदर सुपीरियरनी ते वर्गात वाचून दाखवलं असतं. कॉन्व्हेंटमध्ये आम्हां मुलींना आभाराचं पत्र शिकवलं, दिलगिरीचं शिकवलं, दुखवट्याचं तर तीन प्रकारचं. रागाचं कसं लिहायचं ते कुणी शिकवलं नाही. सत्तावन्नाव्या वर्षी माझी मीच शिकते आहे, तेव्हा काही चुकलं तर अक्काला सांभाळून घे.

माझी तब्येत बरी आहे. गुडघे जिन्यावर कुरकुरतात, बाकी काही नाही. शुभाचा प्रबंध सादर झाला, तोंडी परीक्षा मे महिन्यात. तिच्या प्रोफेसरांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली, आणि मला आठवलं, याच पोरीला तू पर्वतीच्या पायथ्याशी सायकल शिकवलीस तेव्हा ती पडली की आधी तुझ्याकडे बघायची, मग रडायचं की नाही ते ठरवायची. तिचे वडील गेल्यावर तू तिचा बाप झालास, हे मी विसरलेली नाही. म्हणूनच हे पत्र मला इतकं जड गेलं.

तू विचारलंस, मुलाचं कूळ काय? आणि खाली लिहिलंस की उत्तर मिळेपर्यंत शुभाचा जन्मदाखला तुझ्या कपाटात सुरक्षित राहील. इथल्या नोंदणी कचेरीत, श्टांडेसआम्ट म्हणतात तिला, त्या दाखल्याशिवाय लग्न लागत नाही हे मीच तुला भोळेपणाने कळवलं होतं. ठीक आहे. तू विचारलं आहेस, तर मी सांगते. जरा ऐसपैस बसून वाच, वसुधालाही हाक मार, नवऱ्याच्या पत्राचं उत्तर तिनेही ऐकावं.

आधी माझी लाज सांगते. अमॉस पहिल्यांदा घरी आला तेव्हा शुभाने फक्त एवढंच सांगितलं होतं की अमेरिकन आहे, खाणकाम शिकतो, आधी फ्रँकफर्टजवळच्या छावणीत शिपाई होता, सुटल्यावर सरकारी शिष्यवृत्तीवर इथेच शिकायला राहिला. दारात उभा राहिला तो सहा फूट उंच, काळाभोर माणूस, हातात ट्युलिप. मी हसून स्वागत केलं, चहा दिला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या. नन्सनी शिकवलेलं सगळं केलं. तो गेल्यावर मी त्याचा कप वेगळा घासला आणि खिडकीच्या फळीवर वेगळा ठेवला. मला कळलंसुद्धा नाही, हातांनीच केलं. शुभाने ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तोच कप घेतला, त्यात चहा ओतला आणि माझ्यासमोर बसून प्यायली. सावकाश. मी वर पाहू शकले नाही. तेव्हा तुला मी उपदेश करते आहे असं समजू नकोस. तू आज जिथे उभा आहेस तिथे मी वर्षभरापूर्वी उभी होते.

मग तो रविवारी येऊ लागला. एकदा म्हणाला, “मम्मा, आज मी रांधतो.” कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानातून त्याने मका आणला होता. जर्मन लोक मका खात नाहीत, दुकानदाराने विचारलं म्हणे, किती कोंबड्या आहेत? हा म्हणाला, तीन, त्यांतली एक डॉक्टर होणार आहे. मका भरडून, राखेच्या निवळीत शिजवून, त्याने झाकून ठेवून दिला. तिसऱ्या दिवशी आंबूस वास सुटला, आणि मी झाकण काढून बघते तर आपली कण्यांची आंबील! तशीच, फक्त मक्याची. सोफ्की म्हणतात तिला. मी दोन वाट्या प्यायले. त्याची आजी, आईची आई, दारातल्या मडक्यात ती कायम ठेवायची, येईल त्याने ओगराळं बुडवून प्यायची. ही आजी कोण, असं मी विचारलं, आणि तिथून सगळं उलगडलं.

तिच्या आईचे लोक म्हणजे क्रीक, अमेरिकेतले मूळचे. त्यांना सव्वाशे वर्षांपूर्वी गोऱ्यांच्या सरकारने त्यांच्या गावांतून उठवलं आणि बंदुकीच्या धाकाने शेकडो मैल पायी चालवत ओक्लाहोमाच्या माळावर नेऊन टाकलं. वाटेत म्हातारी आणि तान्ही मेली ती तिथेच पुरली. पण हेही ऐक, कारण अमॉस ते लपवत नाही: त्या क्रीक लोकांतल्या धनिकांनी स्वतः आफ्रिकी गुलाम बाळगले होते, आणि तेही त्याच वाटेने, मालकांचं सामान डोक्यावर घेऊन चालले. त्याच्या आजीचा बाप त्या गुलामांच्या पोटचा आणि आई वाऱ्याच्या कुळातली क्रीक. होय, वाऱ्याचं कूळ. त्यांच्यात कूळ आईकडून येतं. बाप कुणीही असो, आई ज्या कुळाची त्या कुळाचं मूल. गुलामी संपली तेव्हा सरकारशी तह झाला की हे सुटलेले लोकही क्रीक राष्ट्राचे बरोबरीचे नागरिक.

पुढे सरकारला त्यांची जमीन वाटायची होती, वाटून उरलेली गोऱ्यांना द्यायची होती. त्यासाठी माळावर तंबू ठोकले, कारकून बसले, समोर दोन वह्या. एक रक्ताच्या क्रीकांची, दुसरी सुटलेल्या गुलामांची. अमॉसची आजी आणि तिची थोरली बहीण एकाच दिवशी तंबूत गेल्या. आई एक, बाप दोन. थोरलीचा बाप क्रीक होता, ती उजळ होती. दोघी क्रीक भाषेत बोलल्या, दोघींनी आईचं तेच नाव सांगितलं, तेच कूळ सांगितलं. कारकुनाने मान वर करून दोन चेहरे पाहिले आणि थोरलीला पहिल्या वहीत लिहिलं, धाकटीला दुसऱ्या. धाकटीच्या नावापुढे आईचं कूळ लिहिलंच नाही. त्या वहीत तेवढी जागाच आखलेली नव्हती.

ती म्हातारी अठ्ठेचाळीस साली गेली. दरवर्षी एकदा घोडागाडी जोडून, पुढे पुढे थोरल्या नातवाच्या ट्रकमध्ये बसून, ती कचेरीत जायची आणि म्हणायची, माझं नाव चुकीच्या वहीत आहे. कारकून बदलत गेले. एकाने तिला खुर्ची दिली, एकाने पाणी दिलं, नाव कुणीच हलवलं नाही. अमॉस तिच्याबरोबर जायचा. त्याने विचारलं, आजी, दरवर्षी नाहीच म्हणतात ना? ती म्हणाली, “म्हणू दे. त्यांना तोंड आहे तसं मलाही आहे.”

इथले लोक त्यांच्याबद्दल काय जाणतात ते सांगते. गेल्या महिन्यात कार्निव्हल होता. आम्ही तिघं बसमध्ये होतो, आणि पिसांचे मुकुट, तोंडाला लाल रंग, अशी आठ-दहा मोठी माणसं आरडाओरडा करत चढली. म्हणे, आम्ही इंडियानर, म्हणजे रेड इंडियन! त्यांतल्या एका ढेरपोट्या गृहस्थाने अमॉसच्या हातात कॅमेरा दिला, आमचा फोटो काढ म्हणाला. याने काढला. मग विचारलं, तुम्ही कुठल्या टोळीचे? गृहस्थाला तीन नावं तोंडपाठ होती. अमॉस हसून त्याला म्हणाला, “हेन्स्ची.” नमस्कार आहे तो त्यांचा. गृहस्थ म्हणाला, हे आफ्रिकन का? शुभाला इतका संताप आला की मी तिचा दंड धरून ठेवला. उतरल्यावर अमॉस म्हणाला, माझ्या आजीने जन्मात पीस लावलं नाही, तिच्याकडे डुकरं होती आणि उन्हाची टोपी.

आमची घरमालकीण फ्राऊ यान्सन, सत्तर वर्षांची आहे. स्वयंपाकघर आमचं एकच. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी स्टोव्हपाशी रडत होते, तिने विचारलं, मी सांगून टाकलं: भावाला मुलाच्या पूर्वजांची माहिती हवी आहे. तिने हातातला बटाटा सोलून पाण्यात टाकला. मग म्हणाली, नाझींच्या काळात आम्हां सगळ्यांना आजी-पणजीचे दाखले गोळा करावे लागले, रक्त शुद्ध आहे म्हणून. माझा नवरा सायकलवरून गावोगावच्या चर्चमध्ये जाऊन शिक्के आणायचा. केवढा अभिमान त्या पुस्तकाचा! ज्यांना शिक्का मिळाला नाही, ते समोरच्या घरातलं कुटुंब एका सकाळी नव्हतं. “तर, पंचेचाळीसच्या हिवाळ्यात कोळसा संपला तेव्हा ते पुस्तक मी चुलीत घातलं. हो, चांगले जळले आमचे पणजोबा. एक किटली पाणी उकळलं.”

कूळ कळव म्हणतोस, तर आणखी एक ऐक. अमॉसच्या राज्यात आफ्रिकी वंशाच्या माणसाने इतर कुणाशी लग्न करणं आजही गुन्हा आहे. शुभाशी लग्न केलं तर तो तिथे गुन्हेगार. त्यासाठी इथल्या वरच्या कोर्टाची सूट घ्यावी लागली, चार महिने गेले. ती मिळाली. परक्या देशाच्या न्यायाधीशाने जे अडवलं नाही ते तू अडवलंस. ओक्लाहोमाचा कायदा आणि माझा भाऊ यांचं एकमत व्हावं, हे वाचताना तुला बरं वाटतं का? मला लिहितानाही वाटत नाही.

सुलेखाचं स्थळ मोडेल, असं तू लिहिलंस. मी तुझ्या जागी असते तर मलाही लेकीची काळजी वाटली असती. पण अमॉसने मला विचारलं, मम्मा, शुभाचा मामा कधी येणार? त्यांच्यात मुलाला वळण लावतो तो मामा, बापाहून मोठा. त्याच्या मामाने ओक्लाहोमाहून घोंगडी पाठवली आहे शुभासाठी. मी काय सांगणार? म्हटलं, कामात आहे. खोटं बोलले, आणि त्या रात्री ठरवलं, आता पुरे. कारण श्यामकांत, तू शुभाला किंवा अमॉसला भीत नाहीस. दाखल्याचं कपाट उघडलं की लोक मागचं मागचं विचारत जातील, याला तू भितोस. मीही आयुष्यभर भ्यायले. आपल्या अण्णा वकिलांच्या घरातल्या मागच्या खोलीत राहणारी ती बाई, गोव्याहून आलेली, देवळात गाणाऱ्यांच्या घरातली. चारचौघांत तिला बाई म्हणायचं, रात्री केस विंचरून घेताना आई. माझं नाव कॉन्व्हेंटात घातलं तेव्हा अण्णांनी रजिस्टरात मोठ्या आईंचं नाव लिहिलं, त्यांना मूल नव्हतं आणि आपल्याला नाव हवं होतं. तुझंही तसंच. अण्णांचा हेतू वाईट नव्हता. पण ती दाराआडून बघत होती, आणि तिने कधी कुठल्या कचेरीत जाऊन सांगितलं नाही की माझी मुलं चुकीच्या वहीत आहेत. तिला गाडी कोण जोडून देणार होतं?

म्हणून लिहिते आहे. दाखला पाठवू नकोस, त्याची गरज उरली नाही. दाखला मिळत नसेल तर आईचं शपथपत्र चालतं, असं नोंदणी कचेरीतल्या बाईंनीच सांगितलं. परवा मी नोटरीसमोर बसले. त्याने माझं नाव विचारलं, वडिलांचं विचारलं, मग आईचं. मी सांगितलं: म्हाळसा. लग्नाची बायको नव्हती, हेही सांगितलं. त्याने मान हलवली आणि लिहून घेतलं, जसं कुणाचंही लिहितात. शुभा आणि अमॉस शेजारी होते. शुभाने आजीचं नाव पहिल्यांदा ऐकलं. लग्न शुक्रवारी, वीस तारखेला, सकाळी अकराला आहे. शुभाच्या मागे मामाच्या जागी मी उभी राहणार आहे. शपथपत्राची नक्कल या पाकिटात घातली आहे. ती कपाटात ठेव, चुलीत घाल किंवा सुलेखाला वाचायला दे. मला विचारशील तर सुलेखाला दे. तिचा गाता गळा कुणाकडून आला ते तिला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

तुझीच, आणि म्हाळसाचीही,
अक्का